कठडा आणि उंबरठा

शास्त्रभाग: लेवीय १४:३३-५३; अनुवाद २२:८; अनुवाद २४:१०-११; मत्तय १८:१५-१७



आपल्या मंडळीत घराचा एखादा भाग भाड्याने देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. निवृत्तीनंतर पेन्शनला तेवढाच हातभार लागतो आणि घरात माणसांचा वावरही राहतो. गेल्या काही महिन्यांत तिघाचौघांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला: भाडेकरू घरात सिगारेट ओढतो, काय करावे? एकाने तर उपासनेनंतर चहा घेताना विचारले, "ख्रिस्ती माणसाने त्याला काढावे की सोसावे?" या प्रश्नातून आम्ही दोघे वर्षभर गेलो आहोत. म्हणून आमच्या घरी काय घडले आणि पवित्र शास्त्रातून आम्हाला काय मिळाले, ते आज लिहीत आहोत.

आम्ही बरकतपुऱ्यात राहतो. पीएफ ऑफिसमुळे हा भाग सगळ्या हैदराबादला माहीत आहे. शेजारी काचीगुडा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून मनमाडच्या गाडीने आलेली मराठी माणसे या बाजूला स्थिरावली, आणि आमच्या वडीलधाऱ्यांचे बिऱ्हाडही त्यातलेच. आता आजूबाजूच्या जुन्या घरांच्या जागी अपार्टमेंट उभे राहिले आहेत, पण आमचे घर अजून जुन्या पद्धतीचेच आहे. खाली आम्ही दोघे आणि आई, वर दोन खोल्यांचा पोर्शन. आईंचे वय ८२. त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसलेल्या. उशाशी पंप आणि टेबलावर नेब्युलायझर असतो.

एका मे महिन्यात वरचा पोर्शन एका तेलुगू कुटुंबाला दिला. नवरा, बायको, दोन लहान मुले. तो रात्रपाळीला कॅब चालवायचा. करार नेहमीसारखा ११ महिन्यांचा. (१९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळीकडे ११ महिन्यांची प्रथा पडली आहे.) घरात धूम्रपान करायचे नाही, असे एक कलम आईंच्या आजारामुळे आम्ही आधीपासूनच घालतो. ते त्याला वाचून दाखवले आणि त्याने सही केली.

जूनमध्ये वास येऊ लागला. पहाटे दोन-अडीचला तो कामावरून परतायचा. दोन्ही मजल्यांची न्हाणीघरे एकाच शाफ्टवर उघडतात आणि त्या शाफ्टला लागूनच आईंची खोली आहे. वर पेटलेली सिगारेट खाली आईंच्या खोकल्यात कळायची.

इथे थोडी माहिती द्यायला हवी, कारण "खिडकी उघडी ठेवली की झाले" असे अनेकांना वाटते. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतली किमान ७० कर्करोगाला कारणीभूत ठरणारी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मरतात, आणि ती स्वतः सिगारेट न ओढणारी. आपल्या देशात २०१६-१७ साली झालेल्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत १०० प्रौढांपैकी जवळजवळ ३९ जणांना स्वतःच्या घरातच हा धूर सोसावा लागतो असे आढळले. धूर विरला तरी काम संपत नाही. निकोटिन भिंतीला, पडद्याला, गादीला, पंख्याच्या पात्यांना चिकटून बसते. अमेरिकेतल्या सान डिएगो शहरात झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणारे लोक घर सोडून गेले, ते सरासरी दोन महिने रिकामे राहिले, साफसफाई झाली, तरीही नंतर आलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या कुटुंबाच्या बोटांवर निकोटिन सापडले.

कायद्याचे म्हणाल, तर २००३ चा तंबाखूविरोधी कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम सार्वजनिक जागांसाठी आहेत. तिथे २०० रुपयांपर्यंत दंड होतो. भाड्याने दिलेले राहते घर त्यात येत नाही. घराच्या आत जे काही चालते ते करारावर आणि माणुसकीवर. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात एवढे आहे की भाडेकरूने घर घेतले तशा स्थितीत परत करावे, रोजच्या वापराची झीज सोडून. भिंतीत मुरलेला धूर ही रोजच्या वापराची झीज असे म्हणणे अवघड आहे.

लेवीयच्या १४ व्या अध्यायाकडे आमचे लक्ष या दिवसांत गेले. संडेस्कूलमध्ये हा अध्याय सहसा कोणी शिकवत नाही. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर काय करायचे, ते त्यात सांगितले आहे. घरधन्याने स्वतः याजकाकडे जाऊन कळवायचे. याजक पाहायला येण्याआधी घर रिकामे करवतो, म्हणजे आतले सामानसुमान अशुद्ध ठरू नये. मग सात दिवस घर बंद ठेवतात. चट्टे पसरले तर तेवढे दगड काढायचे, भिंती खरवडायच्या, तो गिलावा गावाबाहेर टाकायचा आणि नवे दगड, नवा गिलावा लावायचा. एवढे करूनही चट्टे उठले तरच घर पाडायचे. आणि बरे झाले तर त्या घरासाठी प्रायश्चित्त करायचे.

या अध्यायातल्या क्रमाने आम्हाला वाट दाखवली. आधी कळवणे, मग पाहणे, मग थांबणे, मग बिघडले तेवढेच काढणे, आणि पाडणे सगळ्यात शेवटी. शिवाय गरिबाची भांडीकुंडी वाचावीत म्हणून घर तपासण्याआधीच रिकामे करायला सांगणारा देव किती बारीक विचार करतो!

ओळखीच्यांचा सल्ला मात्र वेगळा होता. "पाणी बंद करा, दोन दिवसांत जाईल," असे एकाने सांगितले. भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडणे कायद्याला मान्य नाही, आणि वर दोन लेकरे असताना ते आमच्या मनाला तर अजिबातच मान्य नव्हते. दुसऱ्याने सुचवले, "किल्ली आहे ना तुमच्याकडे? रात्री अचानक जा आणि रंगेहाथ पकडा." याचे उत्तर अनुवादाच्या २४ व्या अध्यायात मिळाले. कर्ज दिलेल्या माणसाने गहाण वस्तू घ्यायला कर्जदाराच्या घरात शिरायचे नाही. बाहेर उभे राहायचे, आणि वस्तू त्याने स्वतः आणून द्यायची. हक्क देणेकऱ्यावर आहे, पण उंबरठा त्याचा आहे. गरिबाचे घर झाले तरी तिथला मान त्याचाच, असे नियमशास्त्र मानते. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांसमोर ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही मालकाने आत येण्याआधी २४ तास अगोदर कळवावे असे म्हटले आहे. हजारो वर्षांपूर्वीची आज्ञा आणि आजचा कायदा इथे एकाच दारापाशी उभे आहेत.

म्हणून आम्ही आधी निरोप पाठवला आणि रविवारी संध्याकाळी वर गेलो. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात प्रभूने घालून दिलेली पद्धत मंडळीतल्या भावासाठी आहे आणि हा माणूस आमच्या मंडळीतला नव्हता. तरी पहिली पायरी कुणालाही लागू पडते: चारचौघांत बोभाटा करण्याआधी एकांतात त्याच्याशीच बोलावे. मुलांना खाली आईंकडे पाठवले आणि दाराबाहेर चपला काढून बसलो.

तो आधी म्हणाला, "अंकल, खिडकी खोलके पीता मैं." मग गप्प झाला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आंटी, धाकट्यालाही रात्री खोकला येतो." आम्ही त्याला पापपुण्य सांगितले नाही. आईंच्या खोलीतला शाफ्ट कुठे उघडतो ते सांगितले, कराराचे कलम दाखवले आणि विचारले, बाबू, बाहेर का जात नाहीस? तो म्हणाला, पहाटे अडीचला गल्लीत उभे राहिले तर कुत्री भुंकतात, गस्तीचे पोलीस विचारतात, शेजारी संशयाने बघतात. बारा तास गाडी चालवून आल्यावर सिगारेटशिवाय झोप लागत नाही.

हे खोटे नव्हते. गच्चीला आमचे कुलूप असायचे, कारण कठडा जुना आणि ठेंगणा, जेमतेम गुडघ्याच्या वर. तिथे अनुवाद २२:८ आठवले नाही तरच नवल. नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, असा त्या आज्ञेचा आशय आहे. पडणारा कोण, चांगला की वाईट, कोणत्या कामासाठी वर गेला होता, हे शास्त्र विचारत नाही. घर ज्याचे त्याने कठडा बांधावा. हीच आज्ञा खाली आईंच्या खोलीलाही लागू होती: आमच्या छपराखाली आमच्या डोळ्यांदेखत एका जिवाला अपाय होत असेल, तर सोसून गप्प बसणे म्हणजे कठडा न बांधणेच. काढावे की सोसावे, या प्रश्नाचे आमचे उत्तर तिथून सुरू झाले.

त्या आठवड्यात मेस्त्री बोलावून विटांचे थर चढवले आणि कठडा छातीइतका केला. गच्चीवर दिवा लावला, पाण्याच्या टाकीजवळ प्लास्टिकची खुर्ची आणि वाळूने भरलेला पत्र्याचा डबा ठेवला. मग किल्ली त्याच्या हातात दिली. घरात एकही सिगारेट नाही आणि गच्चीवर दाराआड नाही, टाकीच्या पलीकडे, एवढेच ठरले. ते कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे. तो नंबर त्याच कागदाखाली लिहून दिला.

यावर आपल्यातल्या काहींनी नाराजी दाखवली. "तुम्ही तर व्यसनाला खुर्ची मांडून दिलीत." आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की आम्ही आईंच्या खोलीतला धूर बाहेर काढला. सिगारेटीची गोष्ट आपण फार पटकन इतरांच्या अंगावर टाकतो. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर आझमाबादला वजीर सुलतान यांच्या नावाचा कारखाना आहे. १९१६ साली सुरू झालेल्या त्या उद्योगाने 'चारमिनार' सिगारेट देशभर पोहोचवली. इकडे निजामाबादला आणि तिकडे सोलापुरात हजारो बायका विड्या वळून संसार चालवतात. त्या पैशातून फिया भरल्या गेल्या आणि दानपेटीतही पैसे पडले. तंबाखू वाईटच आहे. पण तिच्यात अडकलेला माणूस आपल्यापासून फार लांब उभा नाही.

जुलैमध्ये पाऊस लागला. दोन आठवडे ठीक गेले, आणि मग एका पहाटे पुन्हा तोच वास. ऑगस्टमध्ये आईंना एका रात्री इतकी धाप लागली की रुग्णालयात न्यावे लागले. दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. डॉक्टरांनी सरळ सांगितले: पावसाळी हवा, वय, धूर, सगळेच कारण असते, एकावर बोट ठेवता येणार नाही. पण धूर तेवढा थांबवता येतो.

घरी परतल्यावर आम्ही लेखी नोटीस तयार केली. आईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "भर पावसात, शाळा चालू असताना, लेकरांना घेऊन कुठे जाईल तो? मुदत दे. पण मला श्वासही दे." आई कधी प्रवचन करत नाहीत, पण शास्त्रातल्या त्या दोन आज्ञा त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकल्या. नोटीस बदलली. घरात पुन्हा धूर झाला तर एक महिन्यात घर सोडायचे. झाला नाही तरी ११ महिन्यांनंतर करार वाढणार नाही, म्हणजे मुलांच्या परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये घर रिकामे. मत्तयातली पुढची पायरी साक्षीदारांची आहे. म्हणून या वेळी मंडळीतले एक वडीलधारे आणि त्याच्या बाजूने त्याचा मेव्हणा, दोघांना बसवून हे बोललो. आईंची खोली शाफ्टपासून दूर समोरच्या बाजूला हलवली आणि शाफ्टकडची झडप सिमेंटने बुजवली.

त्याने नोटीस घेतली. रागावला, तीन-चार दिवस बोलला नाही. पण ऑक्टोबरपासून घरात वास आला नाही. त्याने हेल्पलाइनला फोन केला होता, हे त्याच्या बायकोकडून कळले. नाताळला मुले खाली आली, केक खाल्ला, आणि तो आईंसमोर उभा राहून म्हणाला, "अम्मम्मा, अठरा दिवस झाले." जानेवारीत पुन्हा सुरू झाली, पण गच्चीवर, टाकीच्या पलीकडे, छत्री घेऊन. एप्रिलमध्ये ठरल्याप्रमाणे त्यांनी घर सोडले.

आता पैशांचे. ॲडव्हान्स दोन महिन्यांच्या भाड्याएवढा होता. न्हाणीघर आणि लगतच्या खोलीच्या भिंती पिवळट झाल्या होत्या. नुसता वरून रंग मारला तर डाग आणि वास पुन्हा वर येतात, म्हणून गरम पाणी आणि सोड्याने भिंती धुतल्या, जुना रंग खरवडला, डाग दाबणारा प्रायमर लावून मग रंग दिला. लेवीयातले काम कोणी हैदराबादी रंगाऱ्याकडून करवून घेतले तर ते असेच दिसेल. त्या दोन भिंतींचा खर्च पावती दाखवून त्याच्या ॲडव्हान्समधून वळता केला. बाकीच्या घराचा रंग जुना झालाच होता, तो खर्च आमचा. उरलेली रक्कम सामान टेम्पोत चढण्याआधी त्याच्या हातात दिली. कष्टकऱ्याचे पैसे सूर्य मावळण्याआधी द्यावेत, हेही त्याच २४ व्या अध्यायात आहे.

ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो:

• धूम्रपानाचे कलम करारात आधीच लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा. भिंतींच्या दुरुस्तीचा खर्च कोणाचा, तेही लिहा. किल्ली देताना घराचे फोटो काढा.
• पहिले बोलणे एकांतात, कळवून आणि त्याच्या दारात करा. दुसऱ्या किल्लीने आत शिरू नका, पाणी-वीज तोडू नका.
• बाहेर सुरक्षित जागा देता येत असेल तर द्या. नियम पाळता येण्याजोगा असला तर पाळला जाण्याची शक्यता वाढते.
• घरात आजारी माणूस, गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर त्यांच्या श्वासाचा हिशोब आधी करा. तिथे भिडेने गप्प राहू नका.
• घर सोडायला सांगावे लागलेच तर लेखी सांगा, पुरेशी मुदत द्या आणि हिशोब पावतीसह चोख करा.

शेवटी एक गोष्ट. लेवीयच्या २५ व्या अध्यायात देव इस्राएलांना सांगतो की जमीन त्याची आहे आणि ते त्याच्याजवळ उपरे म्हणून राहत आहेत. म्हणजे बरकतपुऱ्यातल्या या घराची कागदपत्रे आमच्या नावावर असली तरी आम्हीही भाडेकरूच. प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरीस पौलही रोममध्ये दोन वर्षे भाड्याच्या घरात राहून येणाऱ्या सर्वांचे स्वागत करत होता. आणि मळ्याच्या दाखल्यातला धनी आपल्या कुळांकडे माणसांमागून माणसे पाठवत राहतो, शेवटी पुत्राला पाठवतो. आम्ही या देहात आणि या घरात किती धूर केला, हे ज्याला ठाऊक आहे, तो धनी आजही निरोप पाठवून दारात उभा आहे.

वरच्या पोर्शनमध्ये आता दोन विद्यार्थिनी राहतात. आईंच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मात्र त्या जुन्या भाडेकरूचे नाव अजून येते, आणि त्याच्या धाकट्याच्या खोकल्याचेही.

प्रार्थना: हे प्रभू, तू आम्हाला दिलेल्या छपराखाली जे जे श्वास घेतात त्यांची काळजी घ्यायला आम्हाला शिकव. कठोर शब्द बोलावा लागेल तेव्हा तो दाराबाहेर उभे राहून, योग्य माणसाशी आणि योग्य वेळी बोलण्याचे धैर्य दे. व्यसनात अडकलेल्यांना सोडव, त्यांच्या घरातल्या लेकरांना मोकळा श्वास दे. आणि तुझ्या घरात आम्ही केवळ तुझ्या कृपेने राहतो, याचा आम्हाला विसर पडू देऊ नकोस. येशूच्या नावाने मागतो. आमेन.